शाओशिंगचा चिटणीस

शाओशिंगला मराठी माणूस गेलाच तर कापडासाठी जातो. चीनच्या झेजियांग प्रांतात, हांगझौच्या शेजारी हे शहर आहे आणि त्याच्या केचियाओ या भागात जगातल्या सर्वांत मोठ्या कापडबाजारांपैकी एक भरतो. इमारतींमागून इमारती, प्रत्येकीत मजल्यावर मजले, आणि मजल्यावर गाळ्याला गाळा लागून. भारतीय व्यापाऱ्यांची तिथं इतकी वर्दळ की हिंदी कानावर पडतं, डाळ-रोटी मिळते. माझा आतेभाऊ इचलकरंजीचा. यंत्रमाग विकून आता कापडाची आयात करतो. त्याच्या बरोबर मी गेलो तो निव्वळ लुडबुड करायला.

पहिल्या सकाळीच दादा एका गाळ्यात शेड कार्डं पसरून बसला. दोन निळ्यांमधला फरक माझ्या डोळ्यांना दिसेना आणि तो त्यावरून अर्धा तास घासाघीस करत होता. माझी चुळबुळ पाहून म्हणाला, "तुला त्या वेड्या चित्रकाराचं घर बघायचंय न्हवं? जा की बघून ये. माझं इथं दुपारपर्यंत काय आटपत नाही."

तो वेडा चित्रकार म्हणजे शू वेई. जन्म 1521, मृत्यू 1593, दोन्ही याच गावात. मिंग राजवटीतला सुलेखनकार, चित्रकार, कवी, नाटककार. चिनी कलेवरच्या कुठल्याही पुस्तकात त्याची काळ्या शाईतली द्राक्षं असतात, आणि शेजारी हमखास एक वाक्य असतं की हा चीनचा व्हॅन गॉग. वेड लागलं, कानाला इजा करून घेतली, चित्रं विकली गेली नाहीत, जुळणी पक्की. मीही तेच वाक्य डोक्यात घेऊन मेट्रोत बसलो होतो.

जुनं शाओशिंग कालव्यांचं गाव आहे. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, आणि काळ्या छताच्या चिंचोळ्या होड्या, ज्या नावाडी मागे रेलून चक्क पायांनी वल्हवतो. तांदळाची पिवळी दारू इथली. आधुनिक चिनी साहित्याचा बाप मानला जाणारा लू शून इथला, आणि पर्यटकांचे लोंढे त्याच्याच घराकडे जातात. पण या गावानं देशाला आणखी एक माल पुरवला, तो म्हणजे कारकून. मिंग आणि छिंग काळात चीनभरच्या कचेऱ्यांत खलिते लिहिणारे, कायद्याची कलमं तोंडपाठ असणारे, साहेबाच्या वतीनं सगळा पत्रव्यवहार सांभाळणारे खाजगी चिटणीस मोठ्या संख्येनं शाओशिंगचे असत. शाओशिंगवाल्यावाचून कचेरी चालत नाही अशी म्हणच पडली होती. कारण साधं होतं. गावात शिकलेले लोक फार आणि सरकारी परीक्षेत जागा थोड्या. नापास झालेल्या विद्वानांनी लेखणी भाड्यानं द्यायला सुरुवात केली.

शू वेई त्यांतलाच. प्रांताच्या परीक्षेला तो 1540 ते 1561 या काळात आठ वेळा बसला आणि आठही वेळा नापास झाला.

त्याचं घर एका बोळात आहे. बोळ इतका अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटावं लागतं. नाव 'छिंगथंग शूवू', म्हणजे हिरव्या वेलीची अभ्यासिका. आत गेल्यावर पहिल्यांदा वाटतं, एवढंच? बांबू, थोडी झाडं, पुढे दोन खोल्या, खोलीच्या खिडकीखाली दहा-एक फुटांचं चौकोनी कुंड, कुंडाच्या कडेला भिंतीवर चढलेली वेल. 'थ्येनछी', म्हणजे आकाशकुंड, हे त्या कुंडाचं नाव. शू वेईनं वेल आणि कुंड ही दोन्ही नावं स्वतःला लावून घेतली होती आणि चित्रांवर तो तीच लिहायचा. आतली मोठी पाटी छेन होंगशोउची आहे. हाही मोठा चित्रकार. शू वेईच्या नंतरच्या पिढीत तो या घरात येऊन राहिला होता. मला घर आवडलं ते त्याच्या मापामुळे. ज्या माणसाची चित्रं कागदाच्या कडा फोडून बाहेर पडतात, तो वाढला एवढ्याशा जागेत.

वाढला म्हणजे कसा, तेही सांगायला हवं. आई घरातली दासी, वडिलांनी म्हातारपणी ठेवलेली. मूल शंभर दिवसांचं असताना वडील गेले. थोरल्या आईनं त्याला मायेनं वाढवलं, पण पोरगा दहा वर्षांचा असताना घरची ओढाताण झाली तेव्हा तिनंच त्याच्या सख्ख्या आईला घराबाहेर काढलं. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी कादंबरीकाराला हा प्रसंग मिळाला असता तर त्यानं त्यावर तीन प्रकरणं लिहिली असती. शू वेईनं तिला परत घरी आणली ती स्वतःच्या तिशीच्या तोंडावर. मधल्या काळात तो घरजावई म्हणून एका घरात गेला, आणि ती पहिली बायको, पान घराण्यातली, एकोणिसाव्या वर्षी वारली.

मग नशीब फिरलं. किनाऱ्यावर चाच्यांचा धुमाकूळ चालला होता आणि त्यांचा बंदोबस्त करायला हू झोंगश्येन नावाचा बडा सुभेदार नेमला गेला होता. त्यानं शू वेईला चिटणीस म्हणून ठेवून घेतलं. 1558 मध्ये सुभेदाराच्या हाती एक पांढरं हरण लागलं. बादशहा च्याजिंग दीर्घायुष्याच्या मागे लागलेला, शुभशकुनांवर जीव टाकणारा. हरण पाठवायचं म्हणजे सोबत साजेसा खलिता हवा. शू वेईनं तो लिहिला, बादशहा खूश झाला, सुभेदाराचं वजन वाढलं. त्यानंतर हा फाटका माणूस अंगात जुना सुती अंगरखा घालून, कधी प्यायलेल्या अवस्थेत, सुभेदाराच्या दरबारात वाटेल तेव्हा येई-जाई, आणि ज्याच्यापुढे सेनापती मान वर करत नसत तो सुभेदार त्याच्यासाठी रात्री दार उघडं ठेवी, असं त्याच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे.

मला यातला सर्वांत बोलका प्रसंग हिशेबाचा वाटतो. हांगझौच्या एका मनोऱ्यासाठी सुभेदारानं त्याच्याकडून लेख लिहून घेतला आणि बदल्यात चिनी वजनानं 220 ल्यांग चांदी दिली. आजच्या वजनात ती आठ किलोच्या आसपास भरते. शू वेईनं त्या पैशात शाओशिंगमध्ये जमीन घेतली, तिथलं 22 खोल्यांचं घर घेतलं आणि त्याला नाव दिलं, 'अक्षरांच्या मोबदल्याचं घर'. लेख सुभेदाराच्या नावावर, घर लिहिणाऱ्याच्या. स्वतःच्या धंद्याकडे इतक्या उघड्या डोळ्यांनी पाहणारा माणूस भाबडा नक्कीच नव्हता.

हे सुख पाचेक वर्षं टिकलं. 1562 मध्ये दरबारातला बडा मंत्री पडला, त्याच्या पाठोपाठ हू झोंगश्येन पडला, आणि 1565 मध्ये तुरुंगात त्यानं जीव दिला. त्याच्या वतीनं शेकडो कागद लिहिलेल्या चिटणिसाला आपलीही पाळी येणार असं वाटलं तर नवल नाही. त्याच वर्षी शू वेईनं स्वतःचा मृत्युलेख लिहून ठेवला आणि जीव देण्याचे प्रयत्न सुरू केले. कानात लोखंडी टोचा खुपसला, तो याच काळात. वेड खरं की शिक्षेच्या भीतीनं पांघरलेलं, यावर अभ्यासकांची मतं दोन आहेत. मला ते खरं वाटतं. पांघरलेल्या वेडात माणूस स्वतःला इतकं फाडत नाही.

1566 मध्ये त्यानं बायकोचा खून केला.

माहितीफलकांवर हे वाक्य आजारपणाच्या परिच्छेदात येतं आणि लगेच पुढचं वाक्य तुरुंगातल्या त्याच्या लेखनाकडे वळतं. मला तिथं थांबावंसं वाटलं. ती त्याची तिसरी बायको, झांग आडनावाची. तिला त्याच्यापासून एक मुलगा होता, तेव्हा चार-पाच वर्षांचा. शेवटच्या दिवसांत शू वेईनं आपल्या आयुष्याची वर्षवार नोंद लिहिली, तिच्यात हा खून आणि तुरुंग मिळून चार अक्षरांत उरकला आहे. एका मनोऱ्यासाठी आठ किलो चांदीचा मजकूर लिहिणाऱ्या हातानं. वेडाच्या झटक्यात घडलं असं एकदा म्हटलं, की चित्रांचं कौतुक करायला आपण मोकळे होतो. पण त्या घरात दुसरंही एक माणूस होतं, आणि तिचं फक्त आडनाव उरलं आहे.

यात आणखी एक गुंता आहे. याच शू वेईनं चार नाटकांचा एक संच लिहिला. त्यातल्या एका नाटकाची नायिका पुरुषाच्या वेषात परीक्षेला बसते आणि देशात पहिली येते. दुसऱ्या नाटकाची नायिका बापाऐवजी लढाईवर जाते. ती मुलान. आज जगभर सिनेमांतून फिरणाऱ्या मुलानला रंगभूमीवर उभं केलं ते शू वेईनं, आणि तिचं 'हुआ' हे आडनावही त्याच्याच नाटकातून रूढ झालेलं. सोळाव्या शतकात बायकांच्या अंगची धमक इतक्या मोकळेपणानं मांडणारे लेखक कुठल्याही देशात थोडे. नाटकांनी खून झाकला जात नाही आणि खुनानं नाटकं खोटी ठरत नाहीत. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवूनच त्या घरातून बाहेर पडावं लागतं.

तुरुंगात तो सात वर्षं होता. मित्रांनी खटपट केली. त्यांत मुख्य झांग युआनब्येन, 1571 च्या राजपरीक्षेत देशात पहिला आलेला. (बायकोचं आणि याचं आडनाव एकच, नातं मात्र नव्हे.) सुटल्यावर शू वेई उत्तर सीमेवर, बीजिंगला फिरला, काही काळ या मित्राच्या आसऱ्याला राहिला आणि त्याच्याशीच भांडला. मित्र रीतीभातीचा कडक. खुनाबद्दल एका घावात मेलो असतो, तुझ्या शिस्तीत रोज कणाकणानं मरतोय, अशा अर्थाचं काहीतरी शू वेई बोलला म्हणतात. 1588 मध्ये तो मित्र वारला तेव्हा हा पांढऱ्या कपड्यांत त्याच्या घरी आला, शवपेटीवर हात ठेवून रडला, आणि नाव न सांगता निघून गेला.

आता चित्रं. त्याची आज उरलेली बहुतेक चित्रं या सुटकेनंतरची आहेत. व्हॅन गॉगवालं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं ते हे लक्षात आल्यावर. वेडाच्या भरात हात सुटला आणि चित्रं झाली, असा क्रमच नाही. पन्नाशी उलटलेला, चाळीस वर्षं रोज कुंचल्यानं लिहिलेला माणूस फुलांकडे वळला. तो स्वतःची प्रतवारीही तशीच लावायचा: आधी अक्षर, मग कविता, मग गद्य, आणि चित्र चौथं.

घराशेजारीच शू वेई कला संग्रहालय आहे. त्याच्या पाचशेव्या जन्मवर्षी, 2021 मध्ये, जुन्या यंत्रकारखान्याच्या जागेवर ते उभं राहिलं. तिरक्या छपरांची देखणी इमारत. मी तिथं त्याची अक्षरं आधी पाहिली. चिनी धावती लिपी वाचता येण्याची गरज नसते, ती पाहता येते. आणि ज्यानं घरातले जुने मोडी कागद हातात धरले आहेत त्याला ती परकी वाटणार नाही. बोरू न उचलता ओळ पुढे रेटायची, अक्षर अक्षरात घुसवायचं, वेळ नाही म्हणून वळण आखूड करायचं. आपले चिटणीस हेच करत आले. फरक एवढाच की शू वेई या घाईला पुढे नेतो. दोन ओळींमधली मोकळी जागाच तो खाऊन टाकतो. सगळा कागद भरून निघतो, कुठे काटक्या मोडल्यासारख्या रेषा, कुठे शाईचा थपका, आणि तरी एकही अक्षर दुसऱ्यावर चढत नाही. सुंग काळातल्या मी फूची अक्षरं त्यानं वर्षानुवर्षं गिरवली होती. गिरवल्यावाचून अशी मोडतोड जमत नाही.

त्याची एक मोठी फुलांची गुंडाळी नानजिंग संग्रहालयात आहे. मी पाहिली ती मूळ मापातली प्रतिकृती. लांबी दहा मीटरहून जास्त, उंची मात्र हातभरसुद्धा नाही. पिवनी, डाळिंब, कमळ, चिनी छत्रवृक्ष, शेवंती, भोपळा, घेवडा, द्राक्षं, केळ, मोहोर, नर्गिस, बांबू. म्हणजे उजवीकडून डावीकडे चालत गेलं की वसंतापासून हिवाळ्यापर्यंतचं वर्ष संपतं. रंग एकच, काळा. पण किती काळे! डाळिंबाशी कोरडा, खरखरीत; कमळाच्या पानावर पाणीच जास्त; केळीच्या पानाशी तर शाईचा डबाच उलटलाय असं वाटतं, आणि जवळ गेल्यावर दिसतं की पानाची मधली शीर न रंगवता तशीच सोडली आहे. घाईत ती शीर सोडायची आठवण ज्या हाताला राहते, तो हात बेभान नसतो. द्राक्षवेल आली की रेषा पुन्हा त्याच्या धावत्या अक्षरांच्या होतात. वेल तो काढत नाही, लिहितो.

बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातली सुप्रसिद्ध द्राक्षं याच हाताची. त्या चित्रावर त्यानं चार ओळींची कविता लिहिली आहे, तिच्यात ही द्राक्षं म्हणजे गिऱ्हाईक न मिळालेले मोती आहेत. अक्षरं विकून घर घेतलेल्या माणसाच्या तोंडी हे येतं तेव्हा त्यात रडगाण्यापेक्षा बाजार ओळखून असलेल्याचा खवचटपणा मला जास्त ऐकू येतो.

संध्याकाळी केचियाओला परतलो आणि दादापुढे संग्रहालयातून घेतलेली छोटी प्रतिकृती उलगडली. त्यानं चष्मा वर केला, नाक कागदाला लावलं आणि निर्णय दिला, "रंग पसरलाय की सगळा. आमच्यात असला लॉट परत जातो."

त्याचं बरोबर होतं. चित्रकाराच्या कागदाचे दोन प्रकार असतात. आन्हुई प्रांतात एका झाडाची साल आणि भाताचं काड कुटून जो श्वेन कागद करतात, त्याला सरस आणि तुरटी चढवली की शाई जिथं ठेवाल तिथं राहते. काहीच न चढवलेला कच्चा कागद शाई पितो आणि ती चारी बाजूंना पळते. दादाला हे सांगायला फार शब्द लागले नाहीत. "म्हणजे खळ दिलेला आणि बिनखळीचा," तो म्हणाला. सायझिंगच्या गावचा माणूस! शू वेई पसरणारा कागद घ्यायचा आणि शाईत थोडा सरस मिसळायचा, असं जाणकार सांगतात. खळ कागदाला न देता शाईला. म्हणजे पसरायचं तर खरं, पण मी म्हणेन तिथं थांबायचं. दादानं पुन्हा एकदा केळीच्या पानाची कड पाहिली. मग म्हणाला, "मग हा डाग न्हवं. हे काम हाय." कलासमीक्षेची बरीच पानं वाचूनही मला हे इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

शाओशिंगच्या साध्या लोकांना मात्र तिसराच शू वेई ठाऊक आहे. आमच्या टॅक्सीवाल्यानं मोबाइलमधल्या दुभाष्याकरवी त्याची एक गोष्ट ऐकवली. काकानं लांब बांबूच्या टोकाला खाऊ बांधला आणि पोरांना अट घातली, बांबू आडवा करायचा नाही आणि कशावर चढायचंही नाही. छोट्या शू वेईनं बांबू उभाच्या उभा विहिरीशी नेला आणि आत सोडला. टोक हातात आलं. आपल्याकडे ज्या गोष्टी बिरबलाच्या नावावर जमा होतात, त्या इकडे याच्या नावावर होतात. लू शूनच्या धाकट्या भावानं, झौ झुओरननं, 1920 च्या दशकात अशा गोष्टी छापल्याही. गावानं त्याचा वेडेपणा आणि खून बाजूला ठेवून हुशारी तेवढी ठेवून घेतली.

चित्रकारांनी त्याला वेगळ्या तऱ्हेनं ठेवलं. आयुष्याच्या शेवटी त्यानं आपली पुस्तकं विकली होती. भेटायला अधिकारी आला की आतून दार दाबून धरून शू वेई घरी नाही असं स्वतःच ओरडायचा, आणि गवताच्या अंथरुणावर वारला. चार वर्षांनी, 1597 मध्ये, युआन होंगदाओ हा लेखक शाओशिंगला ताओ वांगलिंगकडे पाहुणा आला होता. रात्री कपाटातलं एक वाईट छापलेलं, काजळी धरलेलं पुस्तक सहज उघडलं आणि दोघं मित्र दिव्याखाली वाचत, ओरडत बसले; झोपलेले नोकर दचकून उठले. तिथून शू वेईचं दुसरं आयुष्य सुरू झालं. अठराव्या शतकात बांबूंसाठी गाजलेल्या झेंग बानछ्याओनं स्वतःला त्याच्या दारचा कुत्रा म्हणवणारा शिक्का कोरून घेतला. विसाव्या शतकातल्या छी बाइशीची इच्छा होती की तीनशे वर्षं आधी जन्मून याची शाई उगाळावी.

तेव्हा केचियाओला मालासाठी जाणार असाल तर अर्धा दिवस मोकळा ठेवा. आधी घर पाहा, मग संग्रहालय. उलट केलंत तर घर डोळ्यांत भरणार नाही. संग्रहालयात त्याची अक्षरं आधी पाहा. मूळ चित्रांची अपेक्षा मात्र तिथं धरू नका. मोठी कामं बीजिंग, नानजिंग, शांघाय आणि तैपेईच्या संग्रहालयांत आहेत आणि कागद नाजूक असल्यानं थोड्या थोड्या काळासाठीच बाहेर येतात. आणि कुणी त्याला चीनचा व्हॅन गॉग म्हणालं, तर शू वेई गेला त्यानंतर 260 वर्षांनी व्हॅन गॉग जन्मला, एवढं सांगून टाका.